कोटाची आतली बाजू

कपाट उघडलं आणि अंगावर काही पडलं नाही, अशी घरं जगात फार थोडी. ड्रायव्हरसाहेबांचं घर त्यांतलं एक. बसचं स्टिअरिंग सोडून साहेबांना बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत त्यांना अजून सगळे ड्रायव्हरसाहेबच म्हणतात. नवरा-बायको दोघांचे मिळून कपडे दीड फळीत मावतात. उरलेल्या फळ्यांवर पांघरुणं, एक बंद पडलेला रेडिओ आणि चक्क मोकळी हवा. यात साहेबांचं कर्तृत्व शून्य. त्यांना मोकळं सोडलं असतं तर दर सेलमधून दोनावर एक फुकट असं करत त्यांनी कपाटाचं गोदाम केलं असतं. या घरात राज्य बाईंचं.

बाईंना इमारतीत अस्तरबाई म्हणतात, पाठीमागेही आणि तोंडावरही. कुणाची चेन अडकली, कुणाची पँट पोटापुढे हरली, कुणाची शिवण उसवली की माणूस जिना चढून यांच्याकडे येतो. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शर्टांच्या कारखान्यात घालवली. आधी दोरे कापायला, मग मशीनवर, शेवटी माल तपासायला. तिथून एक खोड लागली ती लागलीच. कपडा हातात आला की तो आधी उलटा करायचा. दुकानदार बिचारा कॉलर दाखवतोय, रंग दाखवतोय, आणि बाईंनी शर्टाचं आतडं बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरलेलं. "चेहरा काय हो, सगळ्यांचाच बरा असतो," असं त्या म्हणायच्या आणि दुकानदाराचा चेहरा उतरायचा.

शिवण पसंत पडली तरी खरेदी व्हायचीच असं नाही. पुढचा प्रश्न असायचा, "हे कुणी शिवलं असेल?"

"मी नाही, एवढं नक्की," साहेब म्हणायचे.

बाई हसायच्या नाहीत. इतका सुरेख शर्ट इतका स्वस्त कसा, याचं उत्तर मिळेपर्यंत त्या तो घ्यायच्या नाहीत, आणि उत्तर बहुधा मिळायचं नाही. म्हणून घरात कपडे थोडे. जे आहेत ते जाड सुताचे, एकमेकांवर कसेही घातले तरी चालणारे आणि धुऊन धुऊन मऊ झालेले. नवा एक आला तर जुना एक जायचा, तोही धुऊन, बटणं लावून, दुसऱ्याला घालता येईल असा. साहेबांचा राखाडी स्वेटर तर असा टिकला आहे, की घरातले सगळे फोटो पाहिले तर सगळ्या सहली एकाच दिवशी झाल्यासारख्या वाटतात. साहेब याची चेष्टा करतात, पण त्या स्वेटरच्या कोपरांवरचे रफू पाहुण्यांना दाखवल्याशिवाय सोडतही नाहीत.

यामागे एक गोष्ट आहे, आणि ती बाईंनी साहेबांना लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितली. कारखान्यात सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून, कागदावर चिकटवून दाखवायचे, तेव्हा नवी सुई मिळायची. एखादा तुकडा कपड्यात राहून गिऱ्हाइकाला टोचला तर सगळा माल परत यायचा. एकदा बाईंच्या शेजारणीची सुई मोडली आणि टोक सापडेना. मशीनची अख्खी रांग थांबली. जमीन झाडली, शर्ट झटकले, लोहचुंबक फिरवलं. शेवटी बाईंचं लक्ष शेजारणीच्या हाताकडे गेलं. टोक तिच्या बोटात होतं. माल संध्याकाळी निघायचा होता, म्हणून ती बोटाला चिंधी गुंडाळून गप्प बसली होती. कारखान्यातले वरचे लोक धावत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कापडाला डाग लागलाय का?"

बोट कुणी पाहिलं नाही. बाईंनीही पाहिलं नाही, कारण रांग लगेच सुरू झाली. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. तेव्हापासून दुकानात टांगलेला प्रत्येक शर्ट त्यांना कुणाच्या तरी हाताचा वाटतो आणि फुकटचा एकही शर्ट घरात आणवत नाही.

आता असं माणूस घरात असलं म्हणजे मुलाचं लग्न जमणं कठीणच. मुलगा तिशी ओलांडलेला, नाकासमोर चालणारा. मागे एकदा त्याने एका मुलीला घरी आणलं, तर बाईंनी पाणी द्यायच्या आधी तिला विचारलं, "चपलांचे जोड किती गं तुझ्याकडे?" मुलगी पाणी पिऊन जी गेली ती गेली. नंतर मुलगा दोन दिवस घरात बोलला नाही.

म्हणून यंदा त्याने आधीच शब्द घेतला. "आई, ही मला मनापासून आवडलीय. कपड्यांबद्दल एक अक्षर काढायचं नाही."

"तोंड उघडणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांनाही घरात मुलीचा वावर हवा होता. दोन पुरुषांच्या घरात त्यांचं म्हणणं कळणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या बोलून दाखवत नसल्या तरी साहेबांना ठाऊक होतं.

रविवारी मुलगी आली. कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर काम करणारी, बारीक चणीची, हसली की डोळे मिटणारी. अंगात गडद निळा कोट, जुना पण ब्रशने साफ केलेला. तो तिने दारामागच्या खुंटीला लावला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि चहा ठेवला. सगळं इतकं छान चाललं होतं, की साहेबांना उगीचच धाकधूक व्हायला लागली. चहा झाला, बसच्या गमती सांगून झाल्या, आणि मुलगा तिला गच्ची दाखवायला घेऊन गेला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दोघं जिन्यात पोचले न पोचले तोच बाईंनी खुंटीवरचा कोट काढून उलटा केला.

"अगं, शब्द दिलायस," साहेब कुजबुजले.

"तोंडाचा दिलाय," बाई म्हणाल्या आणि थबकल्या.

कोटाचं अस्तर खालच्या काठाला हातभर फाटलं होतं आणि ते स्टेपलरच्या पिनांनी बसवलेलं होतं. जिथे पिना धरेनात तिथे पार्सलला लावतात ती चिकटपट्टी. वरून कडक इस्त्री आणि आत ही तऱ्हा. बाईंना हसू आलं नाही. टाका घालायला शिकवणारं घरात कुणी नाही आणि कोट टाकून द्यायला मन होत नाही, असं पोर त्यांना त्या पिनांमध्ये दिसलं. त्यांनी खिसे रिकामे करून सगळं टेबलावर ठेवलं, पिना उपसून बशीत टाकल्या, निळा दोरा ओवला आणि शिवायला बसल्या.

अर्धी शिवण झाली असेल, तेवढ्यात मुलगी फोन घ्यायला खाली आली. दारातच ती थिजली. टेबलावर तिचा फोन, किल्ल्या, सर्दीच्या गोळ्या, बिस्किटांचा अर्धा पुडा, चिकटपट्टीचं रीळ. बशीत पिनांचा ढीग. आणि होणाऱ्या सासूबाईंच्या मांडीवर तिच्या कोटाचं ते सगळं, जे कुणी पाहू नये म्हणून तिने सकाळपासून जिवाचा आटापिटा केला होता.

"राहू द्या काकू," ती म्हणाली. कोट तिने जवळजवळ ओढूनच घेतला, टेबलावरचं सगळं खिशात कोंबलं आणि "उशीर झाला" म्हणत जिना उतरून गेली. मुलगा मागे धावला. बाई तशाच बसून राहिल्या, शिवणारा हात हवेत.

थोड्या वेळाने मुलगा एकटाच परत आला. "तुझ्या आईला खिशात काय सापडलं ते विचार, असं म्हणाली ती. शब्द दिला होतास ना आई?"

बाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या बशी पाहत होत्या, मांडी चाचपत होत्या. चेहरा पांढराफटक. "अहो," त्या म्हणाल्या, "सुई."

"कुठली सुई?"

"कोटात राहिली."

इतक्या वर्षांत बाईंची एक सुई इकडची तिकडे झाली नव्हती. आणि आज राहून राहून राहिली ती या पोरीच्या कोटात. मुलाने फोन केला, तिने उचलला नाही. निरोप लिहिला, तो तिने उघडला नाही. मुलगा म्हणाला, "मोडलं, आता कसली सुई घेऊन बसलीस!" आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाईंना जेवण गेलं नाही. साहेबांनी आयुष्यभर त्यांची थट्टा केली, पण त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून एकही विनोद निघेना. बायकोचा असा चेहरा त्यांनी फक्त एकदा पाहिला होता, शेजारणीच्या बोटाची गोष्ट सांगताना.

सकाळी दोघं बसने निघाले. साहेबांनी सवयीने ड्रायव्हरचं गिअर टाकणं पाहून नाक मुरडलं, बाईंनी सवयीने समोरच्या माणसाच्या पाठीवरची शिवण पाहिली.

कुरिअरच्या ऑफिसात ही गर्दी. साहेब म्हणाले, मी पुढे जाऊन सांगतो. बाई म्हणाल्या, रांग म्हणजे रांग. दोघं रांगेत उभे राहिले. खोकी ढकलत, वजनं होत, चिकटपट्ट्या फाडल्याचे आवाज ऐकत एकदाचा नंबर लागला. मुलीने वर न पाहता विचारलं, "काय पाठवायचंय?"

"पाठवायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "सुई लागली का गं तुला?"

मुलीने वर पाहिलं. कोट तिच्या मागे खुर्चीच्या पाठीवर होता. तिने त्याच्याकडे एक नजर टाकली. मग म्हणाली, "थोडीशी. बोटाला."

"दाखव."

बाईंनी काउंटरवरून हात पुढे केला आणि तिचा हात ओढून घेतला. बोट उजेडाकडे वळवलं, हलकेच दाबून पाहिलं. टोचल्याचा लाल ठिपका तेवढा होता, पण बाई त्या ठिपक्याकडे पाहतच राहिल्या. मागचा खोकेवाला "आटपा हो" म्हणाला, तेव्हा साहेबांनी वळून त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गप्प बसला. साहेबांचे डोळे भरून आले होते. कुणाचं बोट कुणाच्या हातात होतं, ते त्या सगळ्या गर्दीत फक्त त्यांना कळत होतं.

"टोक आत नाहीये," बाई शेवटी म्हणाल्या आणि त्यांनी श्वास सोडला. "अगं, खिसे रिकामे केल्याशिवाय अस्तराला हात लावता येत नाही. आत काय होतं ते मी पाहिलंसुद्धा नाही."

"मी पाहिलं," साहेब म्हणाले. "बिस्किटं होती. आम्हाला विचारलंही नाहीस."

मुलीला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. "तो कोट आईचा आहे काकू," ती म्हणाली. "ती गेल्यापासून मीच वापरते. ऑफिसात सगळे म्हणतात नवा घे. पण घेववत नाही, आणि शिवताही येत नाही. तुम्हाला ते सगळं दिसलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." मग तिने खुर्चीवरचा कोट उचलला आणि सगळ्यांसमोर उलटा केला. "काल घरी गेले तर दोरा लोंबत होता, सुई त्यातच. म्हटलं, बघू तरी."

निम्मी शिवण बाईंची होती, मुंगीच्या पावलांची. पुढची निम्मी तिची, हत्तीच्या. साहेबांनी घाईने बाईंकडे पाहिलं, कारण शिवणीच्या बाबतीत बाई कुणाशी तोंडदेखलं बोलत नाहीत.

बाईंनी काठावरून अंगठा फिरवला. "टाके लांब पडलेत," त्या म्हणाल्या. "ओळही वाकडी गेलीय." मग शेवटाशी येऊन थांबल्या. "पण गाठ पक्की मारलीयस. ती शिकवून येत नाही."

"सुई घरी आहे," मुलगी नाक पुसत म्हणाली. "तुमच्या मुलाजवळ देते पाठवून."

"त्याच्याजवळ नको. ज्याने नेली त्यानेच परत करायची, असा नियम आहे. तू ये घेऊन."

रविवारी ती आली. मुलगा तिच्या मागे, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. दारात तिने कोट काढला, उलटा केला आणि अस्तर बाहेर दिसेल असा खुंटीला लावला. गळ्याशी, पाहणाऱ्याला सहज दिसेल अशी, निळा दोरा ओवलेली सुई टोचून ठेवलेली होती.

बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "सुई आणलीस का गं?"

"विसरले, काकू."

बाईंनी खुंटीकडे पाहिलं. कपड्याच्या आतल्या बाजूचं काही त्यांच्या नजरेतून सुटलं, असं साहेबांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"असू दे," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी आण."