नानामामांच्या टेकडीवरची वाट

आधीच बजावतो — अंगात येणं, करणी, भानामती, सगळं थोतांड आहे. साताऱ्यात चौकाचौकांत पत्रकं वाटून मी हेच सांगत आलोय, उद्याही सांगेन. तेव्हा 'बघा, हाही वळला!' म्हणून कोणी टाळ्या पिटू नयेत. एक गोष्ट मात्र माझ्याच्यानं गिळवत नाही...

नानामामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. वडूजकडचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. हल्ल्याआधी जवानांना समजावं म्हणून ते वाळूत डोंगर-नाले मांडायचे. रिटायर झाल्यावर तोच खेळ त्यांनी आमच्या मागच्या खोलीत एका मोठ्या फळीवर आणला. प्लास्टरची टेकडी, वर चौकी, बोटाएवढे शिपाई. रविवारी आम्ही चौघे मित्र फासे टाकून लढायचो. रंगकाम माझं — आधी गडद तपकिरी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं खडकांच्या कडांवर पिवळट हात, डिंकावर हिरवा रंगवलेला भुसा, आणि वाळल्या दोडक्याच्या जाळीची झाडं.

चौकीमागून खाली उतरणारी बोटभर वाट मात्र मामा उघडीच ठेवायला लावायचे.

"गड्यांनी माघारी यायचं कुठनं रं? एकदा हल्ल्याच्या आदी म्या वाट काढायची इसरलो. आमच्या पलटणीतला दत्तू वर गेला, त्यो आलाच न्हाई."

"मामा, वाळूतल्या रेघेनं माणूस मरत नाही. ही शुद्ध अंधश्रद्धा!"

"आसंल. तुज्या पत्रकानं तरी कवा कोन सुदारलंय?"

सगळे हसले. मला झोंबलं.

१९९५ चा मे. मामा लेकीकडे सांगलीला गेले. मी डिंक-भुसा लावून ती वाट बुजवली, खोलीला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर — वाट उघडी! भुसा दोन्ही कडांना सारलेला, गवतातून रोज कोणी चालावं तसा. पुन्हा बुजवली, वर व्हार्निश दिलं. पुन्हा उघडी.

किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात, दुसरी मामांकडे. म्हणजे मामांनीच कोणाला तरी दिली असणार! ते परतताच मी त्यांना मित्रांसमोर उभं केलं. बुवांकडून आम्ही लिहून घेतो तसं कबुलीपत्र तयारच होतं: 'ही वाट मी लबाडीनं उघडवली.'

"आरं, किल्ली कुनाला दिऊ मी?"

"सही करा, मामा."

त्यांनी हात पुढे केला. "आन हिकडं. तुजं समाधान हुतंय नव्हं?"

सही केली, किल्ली फळीवर ठेवली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. गणपतीनंतर सांगलीलाच वारले.

मी तिथं भेटायला गेलो, तेव्हा त्यांची लेक, आमची ताई, म्हणाली, "मे महिन्यात ते आले आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात. तुमची किल्ली आठवडाभर माझ्या कपाटात होती. तुला बोलले नाहीत?"

बोलायला मी जागा कुठं ठेवली होती!

परत येऊन खोली उघडली. आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. वाट बुजली होती. सगळीकडे एकसारखा हिरवा भुसा, जणू तिथून कधी कोणी चाललंच नव्हतं. मी हात लावला नव्हता.

मित्र म्हणतात मुंग्या, म्हणतात उकाड्यानं डिंक सुटला. सगळं तपासलं... जुळत नाही. कारण सापडलं तर पत्रक मीच छापीन.

त्या दिवशी मी कबुलीपत्र फाडलं, आणि ब्रशच्या दांड्यानं ती वाट चौकीपासून पार पायथ्यापर्यंत खरवडून मोकळी केली. अजून दर रविवारी करतो.