मागच्या पॅसेजमधलं शेवाळ

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, आणि आता तो नाही. मुलीला फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा हवापाण्यावर बोलून फोन ठेवला. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

शेवाळाबद्दल आहे. हसलात तरी चालेल — सुरुवातीला मलाही हसू यायचं.

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत मी तळमजल्यावर राहते. इमारतीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून मागच्या गेटकडे जाणारा पेव्हर ब्लॉकचा एक अरुंद पॅसेज आहे. ऊन तिकडे फिरकत नाही, आणि वरच्या मजल्यांवरच्या एसींचं पाणी तिथेच ठिबकतं. मी कुंड्या ठेवून पाहिल्या; तुळस जगली नाही, मोगरा जगला नाही. आपणहून आलं ते शेवाळ.

त्याच सुमारास आमच्या चेअरमननी पुढच्या बागेत प्लास्टिकचं गवत अंथरलं. फीत कापली, भाषणं झाली, ‘हरित सोसायटी’ असा फलक लागला. मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात शेरे मारत होते — आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, समासात शेरे मारायची सवय तिथलीच. तेव्हाच ठरवलं, आपण शेवाळ वाढवायचं. ज्याला फूल नाही, वास नाही, ज्याच्यासाठी कुणी फीत कापणार नाही. पुस्तकात वाचून ताकात शेवाळ घोटलं आणि ब्रशने ब्लॉकच्या फटीफटींतून फासलं. उन्हाळाभर दिवसातून दोनदा पाणी फवारलं. दुसऱ्या वर्षी अशी गादी धरली की हात ठेवला तर उचलवेना. चेअरमनना त्यांच्या फितीचा असेल त्याहून जास्त अभिमान मला त्या गादीचा होता. तो मी कुणाला दाखवत नव्हते, एवढाच फरक.

पण हे सगळं मी का सांगत बसले आहे? शेवाळ वाढवणं हा काही गुन्हा नाही.

मे सरत आला की आमच्याकडे वाटांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतात, आणि पुढे पावसाळाभर दर पंधरवड्याला. ते काम संगीताचं. दिघ्याहून यायची, अकरा वर्षं आमचे जिने आणि वाटा तिनेच झाडल्या. तोवर मागचा पॅसेज त्यातून सुटत असे; त्या वर्षी ती पावडरचा डबा घेऊन तिथेही आली आणि मी खिडकीतून तिला थांबवलं. इकडे टाकू नकोस, म्हटलं, सगळं मरेल. ती जरा घुटमळली.

“मॅडम, कोन घसरलं तर माझं नाव येनार.”

“मी आहे ना,” मी म्हटलं.

तिने डबा उचलला आणि गेली. पुढे पावसाळाभर तिने त्या पॅसेजला पावडर लावली नाही. का लावेल? मी होते ना.

जुलैत एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे राणेकाका दूध आणायला मागच्या गेटकडे निघाले आणि पडले. आवाज मी ऐकला. धावत गेले, ओरडून वॉचमनला बोलावलं, काकांच्या डोक्याखाली माझी ओढणी ठेवली — हे सगळं केलं, आणि लोकांनी त्याचं कौतुकही केलं. पण त्याआधी, अगदी आधी, मी काय पाहिलं ते सांगायला हवं. शेवाळात टाचेचा लांब ओरखडा उठला होता, खालचं सिमेंट दिसत होतं. आणि माझ्या मनात आलं — हे भरून यायला दोन महिने लागतील. काका कण्हत होते. मी दोन महिने मोजत होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

रविवारी कमिटीची मीटिंग झाली. चेअरमननी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की तो नुकताच शिकले असावेत असं वाटावं. संगीता दाराशी उभी होती. तिला विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं की मॅडमनीच पावडर नको म्हटलं होतं. सगळे माझ्याकडे वळले. मी अडखळायला तरी हवं होतं, नाही का? मी अडखळले नाही. “मी फक्त माझ्या कुंड्यांपुरतं म्हणाले होते,” मी म्हटलं. “वाटेबद्दल कशी म्हणेन?”

वाक्य चोख होतं. कुणाला शंका आली नाही. संगीता माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलावरच्या बिस्किटांकडे पाहिलं. त्याच आठवड्यात तिला काढलं.

राणेकाका परत चालले नाहीत. मी त्यांना सूप घेऊन जायचे. एकदा त्यांनी विचारलं, त्या झाडूवाल्या बाईला काढलं का हो? मी म्हटलं, काढावंच लागलं. दिवाळीच्या आधी ते गेले.

दिवाळीनंतर संगीता माझ्या दारात आली. काम मागायला नव्हती आली. घणसोलीत दोन घरची भांडी धरली होती तिने. काका गेल्याचं तिला कळलं होतं, आणि तिच्या वस्तीत कुणीतरी तोंडावर म्हटलं होतं की तुझ्या आळसाने म्हातारा गेला. मी बस म्हटलं. ती बसली नाही.

“मॅडम, इथं कोनी नाय,” ती म्हणाली. “एकदा माझ्यासमोर बोला. तुमी नको बोललेलात ना? मलाच आता वाटाया लागलंय, माझ्याच मनाचं हाय का काय.”

घरात खरंच कुणी नव्हतं. नवरा कामावर, मुलगी पुण्याला. ती कुणाला सांगणार नव्हती, आणि सांगितलं असतं तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार होतं? मला काहीही गमवावं लागणार नव्हतं.

“मला नीट आठवत नाही गं,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “मग माझंच चुकलं असंल,” आणि चपला घालून निघून गेली.

मला शब्दन् शब्द आठवत होता.