पोटावर बांधून नेलेलं सिमेंट

जळगावहून धुळ्याची एसटी सुटली तेव्हा थंडी अशी होती, की कंडक्टरनं स्टँडवर मारलेली घंटी हवेतच गोठली आणि मला एरंडोलला ऐकू आली. मी मात्र घामाघूम. स्वेटरखाली पोटावर उपरण्यानं दोन बाटल्या बांधलेल्या, आणि शेजारी पुतणी तेजल माझ्याकडे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीकडे बघावं तशी बघत होती.

बाटल्यांत हाडांचं सिमेंट होतं. तेजलचं संशोधन त्यावरच. कॅल्शियम फॉस्फेटची पूड द्रावणात कालवून मोडक्या हाडाच्या पोकळीत भरायची. ती तिथंच घट्ट होते, पुढं सावकाश विरघळते आणि तिच्या जागी खरं हाड येतं. फक्त ती खडूसारखी ठिसूळ. म्हणून तेजलनं त्यात पॉलिमर मिसळलं होतं. एका बाटलीत साध्या सिमेंटचे घट्ट झालेले तुकडे, दुसरीत पॉलिमरचे. तिच्या सरांनी बजावलं होतं, "साध्यापेक्षा भक्कम निघालं तर पुढं जा. नाहीतर पॉलिमर सोडून दे."

हे तुकडे रक्तासारख्या खाऱ्या पाण्यात आणि अंगाच्या उबेत ठेवावे लागतात, कारण शेवटी त्यांना अंगातच राहायचंय. ते दाबून बघायचं यंत्र धुळ्यात, आणि न्यायची उबेची पेटी ऐनवेळी बिघडली, म्हणून काका कामाला.

एरंडोल गेलं. दोन्हीकडे वेचणी संपलेली कपाशी, मध्येच मक्याचं हिरवं. पारोळ्याला चहाला उतरलो, तर समोर माझा जुना दोस्त, कापडवाले आबा. आबांची मिठी म्हणजे जिनिंगमधली कापसाच्या गाठी बांधायची प्रेसच! "भाऊ, कथा चालना?" (कुठे निघालास?) म्हणत त्यांनी मला असं आवळलं, की माझी उंची चार बोटं वाढली आणि पॉलिमरच्या बाटलीचं झाकण उडालं. पाणी पँटवरून थेट बुटात.

आबा दचकून मागे सरले. "आरे, बठ्ठं वल्लं व्हई गयं! आते या वयमा असं?" (सगळं ओलं झालं! आता या वयात असं?)

अख्खी चहाची टपरी हसली. तेजल सोडून. तिनं झाकण लावलं. तळाशी बोटभर पाणी उरलं होतं.

"टपरीवरचं पाणी मीठ टाकून घालू?" मी विचारलं.

"काका, ही काय वरणाची फोडणी आहे?"

धुळ्यात पोचेपर्यंत माझ्या पोटाच्या भट्टीनं वरचे तुकडे खडखडीत वाळवले होते. पाण्यात बुडालेले मोजकेच शाबूत.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माती दाबून बघायचं यंत्र होतं. ते चालवणारे नाना तुकडे पाहून म्हणाले, "ताई, एवढुसं? आम्ही इथं रस्त्याखालची माती दाबतो."

मी तेजलच्या कानाशी लागलो. "वाळलेले जास्त कडक लागतात ना? तेच लाव. सरांना कोण सांगतंय?"

"लागतात. म्हणूनच लावायचे नाहीत. माणसाच्या अंगात कुणी वाळत नाही, काका."

"तुमच्या काकांनाच आधी दाबून बघू का?" नाना म्हणाले.

साधा तुकडा लावला. काटा जरा चढला आणि टक्! भुगा. दुसराही तसाच. मग पॉलिमरचा, ओला. तेजलनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. काटा साध्याची जागा ओलांडून गेला, पुढं गेला, अजून पुढं. मी श्वास असा रोखला, की धुळ्यातला वारा पडला. शेवटी तुकड्याला तडा गेला; पण भुगा नाही. तडा धरून उभाच! उरलेले ओले तुकडेही तसेच निघाले.

तेजल नाचेल असं वाटलं होतं. ती पुटपुटली, "घट्ट व्हायला मात्र फार वेळ घेतंय. डॉक्टरांनी जखम उघडी ठेवून किती थांबायचं?" आणि मगच हसली.

शेवभाजीवर ताव मारला. भाजीचा तर्रीदार रस्सा इतका जहाल, की मला आजोबांचं तरुणपण आठवलं. तेजलनं आकडे सरांना आधीच पाठवले होते; भाकरीचा तुकडा तोंडात असतानाच त्यांचा फोन आला. तेजलनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि डोळे पुसले. "रश्शानं," ती म्हणाली. "सर म्हणाले, पुढं जा. आता लवकर घट्ट होईल असं बघ."

परतीच्या एसटीत ती द्रावण कसं बदलायचं ते जळगाव येईपर्यंत सांगत राहिली. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. एक मात्र कळलं: लोक नाव राहावं म्हणून काय काय बांधतात, आणि ही पोरगी असलं काही बनवतेय, जे हाड भरून येईस्तोवर भार सोसेल आणि मग मुकाट्यानं नाहीसं होईल. ज्याचं हाड भरेल, त्याला तिचं नावही कळणार नाही. तो फक्त उठून चालायला लागेल.