ट्रॅक्टरचा खांदा

मला एक खोड आहे. कुठलीही वस्तू कशाच्या आधाराने टिकून आहे, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. माहेरी मी दाराच्या बिजागऱ्या, रहाटाचा दोर, गाडीच्या चाकाची खीळ, सगळीकडे वाकून पाहायची. आई म्हणायची, "हे पोरगी सासरी नवऱ्याआधी घराचे खिळे पाहीन." आईचं म्हणणं फारसं चुकलं नाही.

माझं सासर साखरखेर्ड्याजवळ. नवं राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि त्या गावातला पहिला ट्रॅक्टर आमच्या दारात उभा होता. यजमान खामगावला जिनिंगमध्ये नोकरीला, त्यामुळे घरात सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि मी. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ट्रॅक्टर दीर चालवत, पण तो मामाजींचा होता.

ट्रॅक्टरला ट्रॉली कशी धरून राहते, ते मी पहिल्याच आठवड्यात पाहून घेतलं. ट्रॉलीच्या दांडीला पुढे जाड कडी. ती ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी जबड्यात घालायची आणि वरून पिन सोडायची. पिनेच्या खालच्या टोकाला भोक, त्या भोकात तारेचा चाप. पिन वर उसळू नये म्हणून तो चाप. एवढी थोरली ट्रॉली, आणि सगळी भिस्त त्या बोटभर तारेवर! मला फार गंमत वाटली.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि कानाशी जाऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मामाजींनी दोन्ही जोड्यांना आवतण दिलं आणि तसेच ट्रॅक्टरकडे वळले. आता ट्रॅक्टरचा खांदा कुठला? दीर म्हणाले, "बाबा, त्याले खांदा नाही." मामाजी म्हणाले, "काऊन नाही? बैलच हाय थो. मांगून ओढते एवढंच." म्हणून मागचा जबडा हाच खांदा ठरला. जबड्याला आणि पिनेला तूप-हळद चोळून झाली. पोळ्याला बैलाची जुनी दावी, तोंडाला बांधायच्या दोरीच्या मोरक्या काढून नव्या घालतात. त्या हिशेबाने गंजका चाप निघाला, आणि पिनेच्या भोकात रंगीत सुताची नवी मोरकी आली. दिसत होती मात्र छान.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोरकीला मुंग्या लागलेल्या. मी आधी हसले, मग विचारात पडले. तूप लागलेलं सूत, आज मुंग्या, उद्या उंदीर. भासऱ्यांशी म्हणजे थोरल्या दिरांशी बोलायची रीत नव्हती, म्हणून मी जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी दिरांना, दिरांनी मामाजींना. उत्तर त्याच पायऱ्या उतरून खाली आलं. "सणाची मोरकी दसऱ्यापावतर सोडत नाहीत. आन् पिनीले वजन हाय, थे काय पाखरू हाय उडाले?"

खरं सांगते, मला राग आला. पण पिनेच्या वजनाची गोष्ट काही अगदीच खोटी नव्हती, म्हणून मी तिच्यावरही विचार करत राहिले.

जाऊबाईंना सातवा महिना होता. लग्नानंतर कित्येक वर्षांनी देवाने ऐकलं होतं. नवससायास, वैद्य, फकिराचा ताईत, सगळं झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्यांना दुसरबीडला पोचवायचं ठरलं, सोबतीला मी. "घरी ट्रॅक्टर असतांनी सून बैलगाडीनं जाईन काय?" मामाजी म्हणाले. निघण्याआधी मी वाकून पाहिलं. मोरकी कुरतडलेली, दोन-चार धाग्यांवर आलेली. मी जाऊबाईंना मुद्दाम मोठ्याने सांगितलं. मामाजींनी ऐकलं आणि उपरणं झटकून ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर जाऊन बसले.

ट्रॉलीत कडबा आणि वर गोधड्या. आधी आम्ही पुढे बसलो होतो. पण धुराने जाऊबाईंना मळमळायला लागलं, म्हणून मागच्या टोकाला सरकलो, ट्रंक आणि बोचकीही टेकायला मागे ओढली. मग माझं डोकं चालायला लागलं. बैलगाडीत मागे भार झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. मग इथे उलाळ झालं तर दांडी काय उचलेल? पिनच ना? पुढून प्रत्येक खड्ड्याला पिनेचा टणटण आवाज येत होता. मी तो कान देऊन ऐकत होते.

नाला ओलांडून चढ लागला आणि टणटण थांबली.

दांडी आभाळाकडे गेली. ट्रॉली मागे निघाली, खाली नाल्याचं पाणी. मी जाऊबाईंना कवटाळलं. तेवढ्यात ट्रॉलीची मागची फळी चिखलात रुतली आणि आम्ही कडब्यासकट घसरून रस्त्यावर आलो. ट्रॅक्टर मात्र वर वर चाललेला. ओझं गेलं तसा तो मजेत पळायला लागला, आणि त्याच्या आवाजात आमची हाक कोण ऐकणार!

जाऊबाईंना कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. त्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. "हालून नाही राह्यलं व," त्या म्हणाल्या. मी माझा हात ठेवला. काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला काही जाणून घ्यावंसं वाटेना.

दीर आणि मामाजी धावत परत आले. दीर बायकोशेजारी चिखलातच बसले. मामाजी सुनेच्या जवळ यायचे नाहीत, रीतच तशी. ते पाठ करून उभे राहिले आणि नाल्याकडे बघत मला म्हणाले, "बाई, कसं हाय?" त्यांनी उपरण्याला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. माझा सगळा राग तिथेच ओसरला. मी जाऊबाईंच्या पोटावरचा हात उचलला नाही.

मग माझ्या तळव्याखाली काहीतरी सरकलं. आणि एक चांगली दणकट लाथ.

"हाललं व!" जाऊबाई ओरडल्या. मामाजी तसेच पाठ करून उभे होते. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं.

जवळच्या वस्तीवरून बैलगाडी आणली आणि जाऊबाई दुसरबीडला पोचल्या. मामाजी गाडीमागून सबंध वाट चालत आले.

घरी आल्यावर चाप पुन्हा पिनेत गेला. दुसऱ्या दिवशी मामाजींनी ओसरीवरची बंगई उतरवली. जेवण सोडलं तर त्यांचा सगळा दिवस त्या झोपाळ्यावर जायचा. गावचे तंटे ते तिच्यावर बसूनच मिटवत. तिच्या साखळ्या त्यांनी ट्रॉलीच्या दांडीखालून एकीवर एक फुलीसारख्या घेतल्या आणि ट्रॅक्टरला जखडल्या. मी वाकून पाहत होते. पिन निसटली तरी दांडी साखळ्यांवर पडेल, ट्रॉली सुटणार नाही. मला ते फार आवडलं. त्या दिवसापासून मामाजी जमिनीवर घोंगडी टाकून बसू लागले.

जाऊबाईंना मुलगी झाली. तिला आणायला मामाजी स्वतः गेले आणि येताना ट्रॉलीत बसले, पुढच्या बाजूला, धुरात. पोर वाटभर रडून आली होती. तिला झोपवावं म्हणून जाऊबाई ओसरीवर गेल्या तर वर आढ्याला नुसत्या कड्या.

"मामाजी, बंगई काऊन काढली? पोरीले झोका कुठी देऊ?"

"बंगईच्याच साखळीनं थे घरी आली," मामाजी म्हणाले.

जाऊबाईंनी एकदा दाराबाहेरच्या ट्रॉलीकडे पाहिलं. मामाजींसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या जाऊबाई पुढे झाल्या आणि पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मंग तुम्हीच झोपवा."

मामाजी बिचकले. मग हळूहळू मांडी हलवायला लागले.