भोईरमामांची घरची वही

ज्या घरात वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा असतो ते घर कधी मोडत नाही, असं भोईरमामा सांगत. घर म्हणजे राहनाळच्या गोदामातले आमचे अकरा लिनक्स संगणक. मामा ते सांभाळत. मी तिथला डिस्पॅच क्लार्क.

नवा संगणक आला की मामा आधी त्याचं बारसं करत, नारळ फोडून, पेढे वाटून. नाव स्वभाव बघून. मुख्य सर्व्हर आजोबा. लेबलं छापणारा, सतत कुरकुरणारा, तो आत्या. गेटवरचा जावई. "त्याला नीट बंद कर, न्हाय तं रुसंल," असं ते वॉचमनला बजावत, आणि तो खरंच रुसे. मग प्रत्येक संगणकातली 'होस्ट्स' नावाची साधी फाईल उघडून कोण कुठल्या पत्त्यावर राहतो ते मामा हातानं लिहीत. अकरा संगणक, अकरा वेळा. कंटाळा कसा येत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरच्यांचा पत्ता बाहेरच्याला कशाला इचारायचा?"

हेड ऑफिसला हे फार गावठी वाटलं. तिथून कुलकर्णी नावाचे तरुण इंजिनियर नवा सर्व्हर घेऊन आले, आणि सगळ्यांचे पत्ते एकाच जागी सांगणारं एक यंत्रही. सगळे प्रोग्रॅम आजोबांनाच ओळखत होते, म्हणून त्यांनी नाव तेच ठेवलं आणि त्या यंत्रात त्यापुढे नव्या सर्व्हरचा पत्ता घातला. आठ दिवस हे मामांशिवाय चाललं, तर मामांना घरी पाठवायचं ठरलं. ते मामांसमोरच ठरलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. मामा "बरं हाय" म्हणाले आणि खुर्ची गेटजवळ घेऊन बसले.

तीन दिवस ट्रक भरून जात होते आणि नव्या सर्व्हरवर एकही नोंद नव्हती. कुलकर्णी दर तासाला आपल्या यंत्राला आजोबांचा पत्ता विचारत, आणि ते दर तासाला नवा, बिनचूक पत्ता सांगे. मामा चहा पीत होते. सांगत का नाही, असं मी त्यांच्या कानाशी लागून विचारलं. "त्यांनी इचारलं न्हाय."

चौथ्या दिवशी कुलकर्णींनी विचारलं.

"बाला, तू पत्ता ग्रामपंचायतीत इचारतोस," मामा म्हणाले. "ही पोरं आधी घरची वही बघतात. वहीत म्हातारा अजून जुन्याच घरी हाय. सगळ्या नोंदी तिकडंच चालल्यात."

कुलकर्णींनी प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाईलमधली आजोबांच्या पत्त्याची ओळ खोडली. तिसऱ्या संगणकालाच कंटाळले. अहवालात मात्र त्यांनी सरळ लिहिलं, की मामांची निवृत्तीपर्यंत गरज आहे. तुम्हाला आणखी काय हवं, असं त्यांनी विचारलं, तर मामांनी जुना सर्व्हर भंगारात घालू नका एवढंच मागितलं.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ झालं. आजोबा हा या गोदामाचा कणा आहे, असं हेड ऑफिसच्या साहेबांनी भाषणात सांगितलं.

जुना आजोबा अजून चालू आहे. त्याला कोणी काही विचारत नाही. त्याच्या डोक्यावर माझा डबा एक वाजेपर्यंत गरम राहतो.