भिमाजीतात्यांच्या दारातला आवाज

कावळा शिवेना.

तात्यांचा दहावा. पवनेच्या काठावर सगळी भावकी उन्हात उभी, समोर पिंड मांडलेले, झाडावर कावळ्यांची ग्रामसभा भरलेली, आणि खाली उतरायला एकही तयार नाही. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, ती पुरी करायचा शब्द दिला की शिवतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून जो तो हात जोडून शब्द देत होता. भावकीत थोरले सखाराम आबा. ते म्हणाले, "भिमाजी, रतनला आमी संभाळू." कावळे ढिम्म. "कोमलचं म्हायेर तुटू देनार न्हाई." कोमल म्हणजे तात्यांची लेक, वराळ्याला दिलेली. तरी ढिम्म. शेवटी आबांनी फार जड मनानं सांगून टाकलं, "तुजा बांध कोरनार न्हाई." एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेला. आबांच्या शब्दावर त्यालाही भरवसा नसावा.

मला भूक लागली होती. मी आपला पुटपुटलो, "तात्या, तुमच्या गाडीला दणदणीत स्पीकर बसवतो. या आता."

कावळा उतरला आणि भाताचा घास घेऊन गेलासुद्धा.

कुणी हसलं नाही. रतनकाकीनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिच्या घरातलं काहीतरी चारचौघांत उघडं केलंय.

भिमाजीतात्या आमच्या परंदवडीचे. जन्म शेतातला, नोकरी तळेगावच्या एमआयडीसीत, फोर्जिंगच्या कारखान्यात. लाल तापलेल्या लोखंडावर यंत्राचा घण पडायचा, तिथं त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि कानही तिथंच गेले. घरात आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग काकीचा. त्यांच्याकडं आज भाजी कसली, हे रस्त्यावरच्या माणसालाही कळायचं. काकी ओरडून विचारायची, तात्या हसून मान डोलवायचे, आणि मग ताटात पडेल ते खायचे. डोलवलेली मान त्यांनी कधी मागं घेतली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी छोटी गाडी घेतली. चंदेरी रंगाची. काकीला डाव्या बाजूला बसवून कधी बेडशाच्या लेण्यांच्या पायथ्याशी, कधी लोणावळ्याला. पेनड्राइव्हमध्ये गवळणी भरून घेतल्या होत्या. पण गाडीच्या दारांत कंपनीनं बसवलेले स्पीकर म्हणजे पत्र्याच्या डब्यात चिमणी. तात्यांना ढोलकी कशीबशी ऐकू यायची, शब्द अजिबात नाही. सिग्नलला गाडी थांबली की ते वाकून दाराला कान लावायचे. मागचा हॉर्न मारून दमायचा. तात्यांना तोही ऐकू येत नसे, म्हणून भांडण कधी झालं नाही.

वराळ्याला हौशीरामचं दुकान आहे, गाडीचे टेप न् स्पीकर बसवायचं. तात्या तिथं जायचे, नव्या स्पीकरवर बोट ठेवून थरथर बघायचे आणि परत यायचे. एकदा धीर करून घरी बोलले. काकी तव्यावर भाकरी उलटत होती. ती न वळताच म्हणाली, "भैऱ्याला कशाला वाजंत्री?"

हे वाक्य तिनं नेहमीसारखं ओरडूनसुद्धा म्हटलं नव्हतं. पण नेमकं तेवढंच तात्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या थंडीत, अंगणात चहा पिता पिता, ते बसल्या जागी कलंडले.

गाडी तशीच उभी राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून चालू करायचो. पहिल्याच वेळी पेनड्राइव्ह सुरू झाला, एक गवळण संपली, आणि दुसरी लागायच्या आत डाव्या दारातून आवाज आला. "खर्र... हं."

तात्या काही बोलायच्या आधी असंच खाकरायचे. अगदी असंच.

मी तळेगावला बीकॉम झालेला माणूस. शास्त्रावर विश्वास असलेला. मी गाडीतून बाहेर कसा आलो ते मला आठवत नाही. चप्पल आत राहिली होती, एवढं खरं. काकी धुण्याच्या दगडाशी होती. तिनं हात पुसले, येऊन तिच्या नेहमीच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं, आणि दाराकडं तोंड करून ओरडली, "अवो! चा घेतला का?"

मग ते रोजचंच झालं. दुपारची जेवणं उरकली की काकी किल्ली माझ्या हातात द्यायची. गाणी लावायची, मधल्या खाकरण्याची वाट बघायची, आणि ते आलं की कोमलच्या पोराचा दात पडल्यापासून विहिरीला पाणी किती आहे इथपर्यंत सगळं त्या दाराला ओरडून सांगायची. गाव चेष्टा करायचं, "मेल्यावर तरी भिमाजी बायकोचं ऐकतोय." पण चेष्टा करणारेही त्या गाडीला वळसा घालून जायचे. सखाराम आबा तर चक्क गोठ्यामागनं जायला लागले. एकदा मी मुद्दाम काकी नसताना गाणी लावली. आवाज आला नाही. दुसऱ्यांदा लावली, तरी नाही. तिसऱ्यांदा लावायची हिंमत मी केली नाही.

स्पीकर बदलायचं काकी पुढं ढकलत होती. आखाड सरू दे. पित्रं जाऊ देत. वर्षश्राद्ध जवळ आलं तसे आबा आले, गाडीपासून चार हात लांब उभे राहिले.

"रतन, धाव्याला शब्द दिलाय. अर्ध्या वाटंत अडाकलाय त्यो. वर्साला कावळा न्हाई शिवला मंग?"

"अडाकला तर माज्या दारात अडाकलाय. तुमच्या बांधावर तर न्हाई ना?"

आबा गेले. पण त्या दिवसापासून काकीचं जेवण कमी झालं. दारापाशी बसायची आणि गप्प राहायची. एकदा तिकडून आवाज आला तशी माझ्याकडं वळली. "सत्यम, ह्ये खाकारत्यात, ते कायतरी सांगाया, का वाट मागाया?"

मी गाणी बंद केली.

"मी एकदा न्हाई म्हनले त्यास्नी," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांदा कसं म्हनू? चल हौशीरामाकडं."

हौशीरामनं दाराचं आतलं कव्हर काढलं, स्क्रू खोलले, जुना स्पीकर उलटा करून दाखवला. आतला कागदी पडदा एका कडेनं फाटला होता.

"मावशी, भूतबीत काय न्हाई. उन्हानं कागद तडकलाय. म्हणून खरखरतोय."

मला केवढं हलकं वाटलं! काकीनं तो स्पीकर तळहातावर घेतला, फाटलेल्या जागेवर बोट फिरवलं. "फाटलंवतं म्हनूनच आत येता आलं असंल त्यास्नी."

हौशीरामनं दुकानात चालू असलेलं गाणं बंद केलं. दाराच्या पत्र्याला आतून जाड पट्ट्या चिकटवल्या, पत्रा थरथरू नये म्हणून. नवे स्पीकर बसवले. जुने पिशवीत घालून नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकासमोर धरले. "घरी खोक्यात लावा. वाजत्यात अजून."

काकीचा हात पुढं झाला. पिशवीला लागला. मी बघत होतो. एवढं घरी नेलं असतं, तर दिलेला शब्दही मोडत नव्हता आणि तात्याही राहत होते. कावळ्यालाही नाव ठेवायला जागा नव्हती.

तिनं हात मागं घेतला. "न्हेलं तर त्यांच्यासंगं मीबी हितंच अडकून बसंन. ऱ्हाऊ दे."

घरी येताना मी गाणी लावली. दारं भरून आवाज आला, ढोलकीचं बोट न् बोट वेगळं. गवळणीत मागं एक बाई बारीक आवाजात साथ करत होती, ती आम्हां दोघांनाही आजवर माहीत नव्हती.

"ही बाई यात व्हती व्हय?" काकी म्हणाली. थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "त्यास्नी ही कदीच ऐकू आली नसंल."

गाणं संपलं. मधली शांतता आली, स्वच्छ, धुतल्यासारखी. मी दुसरं गाणं पुढं करायला बोट उचललं.

"थांब."

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, गाणीही थांबवली. बाहेर ऊन होतं, हायवेची घरघर लांबून येत होती. काकी दाराकडं वळून बसली होती. मग ती माझ्याकडं वळली, आणि मीही श्वास धरून त्याच दाराकडं कान लावलाय, हे तिनं बघितलं.

"न्हाईत ते," ती म्हणाली. "चल."