पुठ्ठ्याआडचा पिवळा रंग

आज शनिवार. घरात हजर: मी आणि धुवायला टाकलेला इराचा लॅबचा कोट. इरा, माझी मुलगी, दुसरा कोट घेऊन सकाळीच कॉलेजला गेली. कोट उचलला आणि ब्लीचिंग पावडरसारखा तिखट वास नाकात शिरला. क्विनोन.

एमएस्सीला मी आणि माझी मैत्रीण सुधा याचाच प्रयोग करायचो. अल्कोहोलमधलं पिवळं क्विनोन पाऱ्याच्या दिव्यासमोर ठेवायचं. प्रकाश शोषून त्याचा रेणू खवळतो, अल्कोहोलमधला हायड्रोजन ओढून घेतो आणि रंग उडतो. तो उडताना बघायला मी सारखी दिव्यापुढचा पुठ्ठ्याचा आडोसा उचलायची, काळ्या संरक्षक चष्म्याशिवाय. दिव्याचे अतिनील किरण तेव्हा डोळ्यांना जाणवायचे नाहीत.

एका संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. "परसों खोलेंगे, फिर देखते हैं," एवढंच म्हणाले.

दाना ओली या गल्लीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत मी भिंतीला टेकून बसले. सुधाने हात धरला. "घाबरू नको गं, ठीक होऊन जाईल." तिचा हात माझ्याहून थंड होता.

"सुधा, ऊन आलंय का?"

"केव्हाचं."

माझ्यापुढे फक्त काळोख होता. पट्ट्या निघाल्यावर आधी तिचे रडून सुजलेले डोळे दिसले. वाटलं, सुटले, संपलं हे.

काल पोळ्या लाटताना इरा म्हणाली होती, "आई, रंग असा उडतो ना! मी तर आडोसा हटवून बघते." मी नुसतं हं म्हटलं.

आत्ता कोटाचे खिसे तपासले. एकात तिचा काळा चष्मा आहे.

इराला फोन लावलाय, घंटी नुसतीच वाजतेय. कोट बादलीत तसाच आहे. चष्मा पर्समध्ये घातलाय, तो तिच्यापर्यंत पोचवायचाय.